कॉम्प्युटरचा चष्मा करायचाय? आधी टेप शोधा

दुकानात जाऊन ‘कॉम्प्युटरचा चष्मा दाखवा’ म्हटलं की काउंटरवर निळसर झाक मारणाऱ्या काचा येतात आणि सोबत ‘ब्लू कट’चं, म्हणजे निळा प्रकाश गाळणाऱ्या कोटिंगचं, भाषण येतं. नंबर काय, स्क्रीन कुठे ठेवता, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर कॉम्प्युटरचा चष्मा म्हणजे एका ठरावीक अंतराचा चष्मा. वाचनाचा ४० सेंटिमीटरचा, रस्त्यावरचा सहा मीटरपासून पुढचा आणि हा त्या दोहोंच्या मधला. तुमच्या डोळ्यापासून स्क्रीन किती लांब आहे हे माहीत नसेल, तर तपासणारा, काच बसवणारा आणि घालणारा असे तिघंही अंदाजपंचे चाललेले असतात.

मी मुद्रितं तपासतो. दिवसभर स्क्रीनवर ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि रफार शोधायचे म्हटल्यावर डोळ्यांची खुशामत करावीच लागते. हा लेख पहिल्यांदाच असा चष्मा करणाऱ्यांसाठी आहे, त्यातही चाळिशीच्या आगेमागे असणाऱ्यांसाठी. पंचविशीतल्यांनी वाचायला हरकत नाही. पण त्यांच्या तक्रारीचं मूळ बरेचदा चष्म्याबाहेरच सापडतं.

पायरी पहिली: नेमकं काय होतंय ते ओळखा

‘डोळे दुखतात’ एवढंच सांगितलंत तर उपचारही तेवढेच मोघम मिळतील. त्या दोन शब्दांत निदान चार वेगळी दुखणी असतात.

डोळे चुरचुरतात, आत कचरा गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी लाल होतात, मधूनच पाणी येतं. अक्षरं धूसर होतात आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्वच्छ दिसतात. हा कोरडेपणा. गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण पाच-सातवर येतं आणि त्यातही पुष्कळदा पापणी अर्ध्यातूनच परत फिरते. बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर तेवढ्यात फाटतो. डोळ्यात पाणी येतंय म्हणजे कोरडेपणा नाही, असं समजू नका. कोरडा डोळाच चिडून पाणी काढतो. यावर कुठलीही काच चालत नाही.

दुसरं दुखणं फोकसचं. जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू आवळतो आणि आतलं भिंग फुगीर होतं. तासन्‌तास आवळून बसलेला स्नायू पटकन सैल होत नाही, म्हणून ऑफिसातून बाहेर पडल्यावर बसची पाटी काही क्षण पुसट दिसते. चाळिशीनंतर उलटा घोटाळा: भिंगच कडक होत जातं, हवं तेवढं फुगत नाही. मोबाइल लांब धरला जातो, संध्याकाळी कपाळ धरतं. रविवारी डोकं दुखत नाही आणि सोमवारी चारनंतर दुखतं, असं असेल तर या बाजूला संशय घ्या.

तिसरं, दोन डोळ्यांचा मेळ नसणं. एक डोळा झाकला की बरं वाटतं, ओळी एकमेकींवर चढतात. हे दुकानातल्या झटपट तपासणीत पकडलं जाईलच असं नाही, डॉक्टरांना मुद्दाम सांगावं लागतं.

चौथं दुखणं डोळ्यात नसतंच, मानेत असतं. हनुवटी वर करून स्क्रीन बघायची सवय लागली असेल, तर दोष चष्म्याच्या प्रकारात किंवा स्क्रीनच्या उंचीत आहे. त्याकडे पुढे येतो.

पायरी दुसरी: टेप

शिवणकामाचा टेप घ्या. नेहमी बसता तसे बसा. मोजायचं आहे म्हणून ताठ होऊ नका, दुपारी चार वाजता जसे पोक काढून बसता तसेच बसा. टेप दुसऱ्याला धरायला सांगा, कारण स्वतः मोजायला गेलं की माणूस पुढे वाकतोच. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून स्क्रीनच्या मधल्या भागापर्यंतचं अंतर घ्या. दोन मॉनिटर असतील तर दोन्हींचं, लॅपटॉप असेल तर त्याचं, शेजारी कागद ठेवून टाइप करत असाल तर कागदाचंही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे की खाली, तेही लिहा. घर आणि ऑफिस दोन्हीकडे काम असेल तर दोन्हीकडे मोजा.

आता हे आकडे कशासाठी? चष्म्याचा नंबर डायॉप्टरमध्ये असतो आणि त्याचं अंतराशी नातं सरळ आहे: १०० भागिले सेंटिमीटर. ४० सेंटिमीटरवरचा कागद स्पष्ट दिसायला डोळ्याला २.५ डायॉप्टर जोर लावावा लागतो, ५० वरच्या लॅपटॉपला २ आणि ६५ वरच्या मॉनिटरला साधारण १.५. कागद आणि मॉनिटर यांत पुऱ्या एका डायॉप्टरचा फरक पडला. विशीत हे डोळा आपणहून निभावतो, पन्नाशीत नाही.

दवाखान्यात जवळचा नंबर वाचनाच्या अंतरावर, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास तक्ता धरून काढतात. समजा तिथे तुम्हाला +२.०० चा जवळचा नंबर मिळाला. त्या काचेतून ५० सेंटिमीटरपलीकडचं अंधुक होणारच, कारण १०० भागिले २ म्हणजे ५०. तुमचा मॉनिटर आहे ६५ वर. मग वाचनाचा चष्मा लावून माणूस स्क्रीनकडे सरकत जातो, पाठ खुर्ची सोडते, आणि महिन्याभरानं तो ऑर्थोपेडिककडे जातो. चूक नंबरात नसते. नंबर बरोबरच काढलेला असतो, फक्त भलत्या अंतरासाठी.

पायरी तिसरी: तपासणी

बहुतेक चष्म्याच्या दुकानांत नंबर काढून देतात आणि प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर तो चांगला निघतो. तरीही पहिल्या वेळी, आणि चाळिशी ओलांडली असेल तर नक्कीच, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा बघतात. काचबिंदू बहुधा दुखत नाही की खुपत नाही, चष्म्याच्या निमित्तानं तपासणी झाली तरच तो वेळेत सापडतो.

डायबेटिस असेल आणि साखर वरखाली होत असेल तर नंबरही तिच्याबरोबर हलतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्म्याचे पैसे खर्च करा. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी थांबवू नका.

सुरुवातीला मशिनवर हनुवटी टेकवून आत बघायला सांगतात: लांबच लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा, किंवा हिरवळीवरचं घर. ते मशीन नंबराचा अंदाज देतं. त्या छापील चिठ्ठीवरूनच थेट काचा बनवायला कुणी निघालं तर उठून या. त्यानंतर फ्रेममध्ये एकेक काच सरकवत ‘हे बरं की ते?’ विचारणारी जी तपासणी होते, ती खरी.

तिथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मायनसची काच वाढवली की अक्षरं थोडी लहान आणि जास्त काळी दिसतात. काळी दिसली की माणूस पटकन ‘हे बरं’ म्हणतो. पण आधी न वाचता आलेलं अक्षर त्या काचेनं वाचता आलं का, ते पाहा. नुसतीच काळी झाली असतील तर तसं सांगा. गरजेपेक्षा पाव-अर्धा डायॉप्टर मायनस जास्त पडला तर लांबचं झकास दिसतं, पण स्क्रीनसमोर तेवढाच जोर डोळ्याला दिवसभर जास्त लावावा लागतो. लाल आणि हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवतात ती हेच पकडायला. दोन्ही सारखी दिसत असतील तर ‘सारखीच’ म्हणा, तिथे पास-नापास नसतं.

तरुणांत कधीकधी लांबचा प्लस नंबर लपून बसलेला असतो. डोळा जोर लावून तो झाकतो आणि त्याची किंमत डोकेदुखीनं चुकवतो. तो काढायला डॉक्टर थेंब घालतात. त्यानंतर थेंबानुसार काही तास ते एखादा दिवस जवळचं दिसत नाही, उजेड खुपतो. त्या दिवशी टू-व्हीलर घरी ठेवा.

जवळचा नंबर काढायची वेळ आली की खिशातला कागद पुढे करा आणि सांगा: ‘माझा मॉनिटर ६५ सेंटिमीटरवर आहे, दिवसाचे इतके तास बसतो. त्या अंतराचा नंबर वेगळा लिहून द्याल का?’ बहुतेक जण तक्ता त्या अंतरावर धरून लगेच बघतात. मला तर वाटतं, सगळ्या तपासणीत हे एक वाक्य विसरलं नाही तरी पुष्कळ झालं.

चिठ्ठी वाचायला शिका

एसपीएच म्हणजे मुख्य नंबर, मायनस किंवा प्लस. सीवायएल म्हणजे सिलिंडर, बुबुळाचा गोलावा सगळ्या दिशांनी सारखा नसेल तर लागतो. ॲक्सिस ही त्या सिलिंडरची दिशा, १ ते १८० अंशांत. ॲड म्हणजे जवळच्यासाठी वरून घालायचा प्लस. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. तो लिहिलेला नसेल तर मागून घ्या.

एक उदाहरण करून बघू. वय ४८, उजवा डोळा −१.५०, डावा −१.२५ आणि सिलिंडर −०.५०, ॲड +१.७५. मॉनिटर ६५ सेंटिमीटरवर. पूर्ण ॲड घातला तर ५७ सेंटिमीटरच्या पुढचं पुसट होईल. म्हणून मधल्या अंतराला ॲडचा साधारण अर्धा किंवा थोडा जास्त भाग घेतात. इथे +१.०० धरला तर उजवीकडे −०.५० आणि डावीकडे −०.२५, सिलिंडर तसाच. हा हिशोब डॉक्टरांना शिकवायला नाही, त्यांनी लिहिलेला आकडा कुठून आला ते कळायला.

आणि याच उदाहरणातली गंमत पाहा. −१.५० नंबर असलेल्याला चष्म्याशिवाय सुमारे ६७ सेंटिमीटरपर्यंत आपोआप स्पष्ट दिसतं. म्हणजे हा माणूस चष्मा काढून मॉनिटरवर जवळपास मजेत काम करू शकतो. ‘चष्मा काढला तर नंबर वाढतो’ या धाकापायी कित्येक मायनसवाले चाळिशीनंतरही लांबचा चष्मा नाकावर ठेवून स्क्रीनशी झटापट करतात. या वयात चष्मा काढून काम केल्यानं काही बिघडत नाही. सिलिंडर मोठा असेल किंवा दोन डोळ्यांत बराच फरक असेल तर मात्र हे जमणार नाही.

पायरी चौथी: काच कोणती

प्रकार चार, आणि निवड तुमच्या टेबलावर अवलंबून.

एकाच नंबरची काच, स्क्रीनच्या अंतरासाठी बनवलेली. सगळ्यात स्वस्त. पूर्ण काचेतून एकसारखं दिसतं, मान हवी तशी फिरवा. तोटा एकच: उठून चालायला लागलात की समोरच्याचा चेहरा थोडा पुसट. दिवसातले सहा-आठ तास एकाच मॉनिटरसमोर जात असतील, तर माझं मत याच काचेला. दुकानदार तिची फारशी शिफारस करत नाहीत, त्याचं कारण तुम्हीच ओळखा.

बायफोकल, खाली चंद्रकोर असलेली. वर लांबचं, खाली वाचनाचं आणि मधलं अंतर गायब. डेस्कटॉपसाठी निरुपयोगी. वरच्या भागात स्क्रीनचा नंबर टाकून मुद्दाम बनवून घेतली तर कागद आणि मॉनिटर दोन्ही जमतात. हिशोबनीसांना ही युक्ती चांगली आहे.

प्रोग्रेसिव्ह, वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारी. बाहेर फिरायला, मीटिंगला, बाजाराला उत्तम. पण स्क्रीनचा नंबर तिच्यात मधल्या अरुंद पट्ट्यात असतो आणि तो पट्टा सरळ नजरेच्या खाली येतो. तिथून बघायला हनुवटी उचलावी लागते. पहिल्या पायरीतली मान इथे दुखते. मोठ्या मॉनिटरवर डावीकडून उजवीकडे डोळे न्यायचे तर कडा पाण्यातून बघितल्यासारख्या हलतात, म्हणून सगळं डोकंच फिरवावं लागतं. ‘महागातली घ्या, पट्टा रुंद असतो’ हे खरं, तरी तो खोलीभर रुंद होत नाही.

चौथी, ‘ऑफिस लेन्स’ म्हणून मिळणारी काच. लांबचा भाग सोडून दिलेला असतो आणि मधलं अंतर व वाचन यांना भरपूर जागा. मॉनिटर, कागद, समोर बसलेला माणूस, सगळं मावतं. डेस्कवर सतत वेगवेगळ्या अंतरांवर बघावं लागत असेल तर हिला तोड नाही. किंमत प्रोग्रेसिव्हच्या घरात जाते.

तयार मिळणाऱ्या प्लसच्या चष्म्यांना मी नाकं मुरडत नाही. लांबचा नंबर शून्य, सिलिंडर नाही, दोन्ही डोळे सारखे, अशा माणसाला +१.०० चा तयार चष्मा मॉनिटरवर तात्पुरता चालून जातो. बाकीच्यांना नाही, कारण त्यात दोन्हीकडे एकच नंबर आणि कुणा सरासरी नाकाचा पीडी असतो.

ब्लू कटचं काय?

२०२३ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा निदान अल्पकाळात कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही कॉम्प्युटरसाठी अशा काचांची शिफारस करत नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाउजेडी खिडकीतून येणाऱ्यापुढे अगदीच किरकोळ. कोटिंग फुकट मिळत असेल तर घ्या, पण फोटो आणि रंगाचं काम करत असाल तर फुकटही नको. वरून निळसर चमकली तरी त्या काचेतून सगळं जरा पिवळट दिसतं.

पैसे घालायचे तर अँटी-रिफ्लेक्शनमध्ये घाला. साध्या काचेच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परत फेकतात. मागच्या खिडकीचं, डोक्यावरच्या ट्यूबचं प्रतिबिंब काचेवर नाचत राहतं ते त्यामुळे. या कोटिंगनं ते जवळजवळ जातं.

नंबर तीनच्या आत असेल तर पातळ काचेचा आग्रह धरू नका, साधी १.५ इंडेक्सची काच (हा काच प्रकाश किती वळवते त्याचा आकडा, चष्म्याचा नंबर नव्हे) नजरेला उलट जास्त स्वच्छ. पॉलिकार्बोनेटची काच सहजासहजी फुटत नाही हे खरं, पण नंबर मोठा असेल तर तिच्या कडांशी अक्षरांना रंगीत झालर दिसते. फ्रेम उंचीला फार चिंचोळी नको आणि बाहुली काचेच्या मध्याजवळ यायला हवी. स्क्रीनच्या चष्म्याचा पीडी लांबच्यापेक्षा दोनेक मिलिमीटरनं कमी घ्यायचा असतो, हे दुकानात आठवणीनं विचारा.

पायरी पाचवी: टेबल

चष्मा कितीही नेमका केला तरी स्क्रीन जागेवर नसेल तर पैसे पाण्यात. मॉनिटर हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी आणखी खाली घ्यावी. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर थेंबांवर खर्च करण्याआधी झडप वळवा.

लॅपटॉपची अडचण अशी की त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन जोडलेले. स्क्रीन उचलावा तर हात वर जातात. वेगळा कीबोर्ड घ्या आणि लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवा. जुने दिवाळी अंकही चालतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास: रोमनला पुरतो तेवढा पॉइंट साइज देवनागरीला पुरत नाही, कारण त्याच उंचीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार बसवायचे असतात. १०० टक्क्यांवर ‘कि’ आणि ‘की’ ओळखायला डोळे बारीक करावे लागत असतील तर तो डोळ्याचा दोष नाही. झूम १२५ किंवा १५० करा. माझा ठोकताळा असा: बसता त्याच्या दुप्पट अंतरावरून मजकूर वाचता आला पाहिजे.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा, हा नियम ऐकला असेल. बऱ्याच घरांत वीस फूट सलग भिंतच नसते. खिडकीबाहेरची टाकी बघा. आकड्यांना फार पवित्र मानू नका, पण थांबा मात्र घ्या, आणि त्या वेळी पापण्या पूर्ण मिटून चार-सहा वेळा उघडा. तरीही कोरडेपणा राहिला तर डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब. दिवसात चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. लाली घालवणारे थेंब नकोत, सोडले की लाली दुपटीनं येते. केमिस्टकडून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात नकोत. त्यांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. गुलाबपाणी गुलाबजामात शोभतं.

अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, नजरेवर पडदा ओढल्यासारखा वाटला, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याचा चष्म्याशी संबंध नाही.

चष्मा घेताना

काउंटरवर आरशात बघून घरी येऊ नका. चिठ्ठी पुढे ठेवा आणि तयार काचा त्यांचा नंबर मोजणाऱ्या मशिनवर लावून दाखवायला सांगा. ॲक्सिस उलटसुलट होणं, डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल, हे घडतं. मग ६५ सेंटिमीटरवर मोबाइल धरायला सांगून वाचून बघा. नाकावर चष्मा घसरत असेल तर काड्या तिथेच वाकवून घ्या, कारण घसरलेल्या चष्म्यात बाहुली काचेच्या भलत्याच जागेतून बघते.

सिलिंडर नवा असेल तर पहिले काही दिवस जमीन तिरकी वाटेल, पायऱ्या जपून उतरा. एक-दोन आठवड्यांत डोळा रुळतो. त्यानंतरही डोकं धरत असेल तर सवय होईल म्हणून रेटू नका, जुना चष्मा आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन परत जा. जुना चष्मा महत्त्वाचा, त्यावरूनच काय बदललं ते कळतं. काच शर्टाच्या टोकानं कोरडी पुसू नका, कोटिंगवर चरे पडतात. आधी पाण्याखाली धरा.

आणि स्क्रीनसाठी बनवलेला चष्मा ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या. तो घालून गाडी चालवायची नाही. लांबच्या पाट्या त्यातून पुसट दिसतात, रात्री तर जास्तच.